रेघेपासून आठ पावलं

त्या राज्यात मोठा रस्ता एकच होता आणि तो धावणाऱ्यांसाठी बांधलेला होता. घोडे, सांबरं, नीलगाई आणि ज्यांना कुठेतरी लवकर पोचायचं असतं असे सगळे दिवसभर त्या रस्त्याने जात. चालणाऱ्यांना रस्त्याने कुठेच जायचं नसे. त्यांना तो फक्त ओलांडायचा असे. रस्त्याच्या एका बाजूला टेकडी होती, तिथे त्यांची बिळं होती. दुसऱ्या बाजूला तळं होतं. घर इकडे आणि पाणी तिकडे, त्यामुळे कासवं, साळिंदरं, बेडूक, गोगलगाई यांना जगायचं तर रस्ता ओलांडण्यावाचून इलाज नव्हता. धावणाऱ्यांना याचं फार नवल वाटे. "ही मंडळी घरी का बसत नाहीत?" असं ते एकमेकांना विचारत आणि उत्तरासाठी न थांबता पुढे निघून जात.

एका उन्हाळ्यात रस्त्यावर इतके चालणारे मेले, की धावणाऱ्यांना त्यांच्यावरून घसरायची भीती वाटू लागली. तेव्हा राज्याने कायदा केला. जिथे दोन्ही काठांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी उतार झिजून तयार झाला होता, त्या जागी रस्त्याच्या दगडांवर चुन्याची रुंद रेघ मारण्यात आली. कायदा कडुनिंबाखालच्या शिळेवर कोरला गेला आणि तो मोजून दोन वाक्यांचा होता. रस्त्यात पांढरं दिसलं की धावणाऱ्याने थांबावं. पांढऱ्यावर असलेल्याला कुणी पाडलं, तर पडलेला पुन्हा स्वतःच्या पायांनी चालू लागेपर्यंत पाडणाऱ्याने त्याला पाठ द्यावी.

पाठ देणं म्हणजे पाठीवर घेणं. जखमीला जिथे जायचं असेल तिथे न्यायचं आणि परत आणायचं, तेही रोज, कुरकुर न करता. शेजारच्या राज्यांतले पाहुणे ही शिळा बघायला येत आणि असा कायदा आपल्याकडे नाही म्हणून हळहळत. आजवर किती जणांनी पाठ दिली, असं मात्र एकाही पाहुण्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर अडचण झाली असती. दरवेळी काहीतरी कमी पडायचं. कधी साक्षीदार नसे, कधी दाव्याची पंधरवड्याची मुदत उलटून गेलेली असे, तर कधी जखमीच उरलेला नसे.

रेघ राखण्याचं काम बगळ्याकडे होतं. तो मुळात पांढरा, तेव्हा त्याला पांढऱ्याची कदर असणार, असा विचार करून राज्याने त्याला नेमलं होतं. त्याला रेघकरी म्हणत. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला भट्टीतून चुन्याचं मडकं आणायचं, शेपटीच्या पिसांची कुंचली करायची आणि रेघेवर नवा हात फिरवायचा, एवढंच काम. चुना मोजूनमापून मिळे, एका रेघेपुरता. बगळा हे काम मन लावून करी. रेघ मारून झाली की तो एका पायावर उभा राहून तिच्याकडे बघत बसे आणि आपण राज्याच्या उपयोगी पडतो आहोत याचं त्याला समाधान वाटे.

त्या रेघेवरून रोज जाणाऱ्यांमध्ये कोंडाबाई नावाची एक कासवीण होती. वयाने ती शिळेपेक्षाही मोठी असावी. टेकडीतल्या बिळातून ती ऊन चढायच्या आधी निघे, तळ्यावर दुपार काढी आणि उन्हं उतरली की परते. तिची चाल इतकी हळू होती, की ती अर्ध्यात असताना बगळ्याचं निम्मं मडकं संपलेलं असे. तिचं पोट दगडांना घासत जाई. ओल्या चुन्यावरून ती गेली की मागे उठलेला फराटा पुसून काढावा लागे, पण बगळा कधी रागावला नाही.

"बगळेदादा, तुमचं काम बिघडवलं बघा," असं ती दरवेळी म्हणायची.

"तुमच्यासाठीच तर आहे ती," असं तो दरवेळी म्हणायचा. दोघांचं बोलणं याच्यापुढे कधी गेलं नाही, आणि जायची गरजही नव्हती.

घोड्यांनी नवी पागा बांधली तेव्हापासून बिघाड सुरू झाला. पागेला उंच कमान होती. ती लांबून दिसावी, अशी घोड्यांची इच्छा होती. एक दिवस पागेतला सर्वांत वयस्क घोडा स्वतः चालत बगळ्याकडे आला. घोडा चालत आला, याचंच बगळ्याला केवढं अप्रूप. "राज्यात पांढरं करावं तर तुम्हीच," घोडा म्हणाला. "पण तुमची कला पायाखाली जाते, याचं वाईट वाटतं हो."

बगळ्याला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पुढच्या पौर्णिमेला त्याने रेघेचा चुना कमानीला लावला. रेघ अजून बरी दिसते आहे, एका पंधरवड्याने काय बिघडतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कमान मोठी होती. अमावास्येचा चुनाही तिलाच लागला, मग पुढच्या पौर्णिमेचाही. घोडे त्याला तळ्यातले निवडक मासे काढून देत आणि येता-जाता मान डोलावत. रेघ आधी फिकट झाली, मग राखेसारखी झाली, मग खुरांच्या धुळीत तिचा मागमूसही उरला नाही. चालणारे तरीही तिथूनच जात राहिले. उतार तिथे होता, आणि पायांना सवय होती.

चौथ्या पंधरवड्याच्या मडक्यातला शेवटचा चुना घेऊन बगळा रस्त्याच्या कडेने पागेकडे निघाला होता. सकाळची वेळ होती. कोंडाबाई रस्त्याच्या मध्यावर पोचली होती. पलीकडून सर्जेराव नावाचा तरणा घोडा भरधाव येत होता. त्याची मान उंच होती आणि डोळे दूरच्या कमानीवर लागले होते, कारण कोवळ्या उन्हात ती कमान खरोखरच फार सुंदर दिसत होती.

बगळ्याने हे सगळं पाहिलं. त्याला ओरडता आलं असतं. पण ओरडायचं म्हणजे घोड्याला थांब म्हणायचं, आणि थांब म्हणायचं तर कशासमोर, हे दाखवायला रस्त्यात काही नव्हतं. तो हा विचार करत होता तेवढ्यात आवाज झाला.

कोंडाबाई गरगरत जाऊन उताणी पडली. तिचा पुढचा उजवा पाय चेचला होता आणि दगडांवर रक्त पसरत होतं. सर्जेराव पुढे जाऊन थांबला आणि वळला. "मला दिसलीच नाही," तो म्हणाला. हे खरं होतं.

बगळा धावला. उताणं पडलेलं कासव स्वतःहून सरळ होऊ शकत नाही. त्याने चोच कवचाखाली घातली आणि सगळा जोर लावला. तेव्हा त्याला तिचं पोट दिसलं. ते पांढरं होतं. पोटाच्या कवचाच्या प्रत्येक भेगेत चुना बसला होता, थरावर थर, बगळ्याने मारलेल्या प्रत्येक पंधरवड्याचा. झाडाच्या खोडात वर्षं दिसतात तशी त्यात वर्षं दिसत होती. बगळ्याने तिला सरळ केलं आणि ते पांढरं पुन्हा जमिनीकडे गेलं. त्याच्याखेरीज ते कुणी पाहिलं नव्हतं. कोंडाबाईनेही कधी पाहिलं नव्हतं, कारण स्वतःचं पोट कुठल्या कासवाला दिसतं?

"पाणी," कोंडाबाई म्हणाली. बगळ्याने चोचीतून पाणी आणून दिलं, साळिंदरांनी तिला ढकलत बिळापर्यंत नेलं, आणि तिसऱ्या दिवशी तिने कडुनिंबाखाली दावा लावला. मुदत उलटायला अजून बारा दिवस होते. कोंडाबाईला कायदा ठाऊक होता. इतकी वर्षं शिळेजवळून हळूहळू जात आल्यामुळे तिला तो पाठच झाला होता.

तिचं मागणं साधं होतं. पाय बरा होईपर्यंत रोज तळ्यावर न्यावं आणि परत आणावं. उन्हाळा सुरू झाला होता. बिळात पाणी नव्हतं, आणि तीन पायांनी रस्ता ओलांडणं तिला शक्य नव्हतं. पाठ मिळाली तर ती जगणार होती. नाही मिळाली तर किती दिवस, याचा हिशोब तिने कुणाला सांगितला नाही.

दावा लागल्याचं कळताच सर्जेराव हिरव्या गवताचा भारा घेऊन बिळापाशी आला. सोबत मुंगूसवकील होते.

"आजी, एवढं घ्या आणि या कागदावर पंजा उठवा," मुंगूसवकील म्हणाले. "कोर्टकचेरीत तुमचे हाल होतील हो. या वयात कशाला?"

"मला गवत नको," कोंडाबाई म्हणाली. "मला तळं पाहिजे."

सर्जेराव खाली मान घालून उभा होता. "मी दिली असती पाठ," तो हळूच म्हणाला. "पण आमच्यात अजून कुणी दिलेली नाही. घरचे म्हणतात, एकाने सुरुवात केली की मग..." मुंगूसवकिलांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. भारा तिथेच ठेवून ते गेले. कोंडाबाईने त्याला तोंड लावलं नाही. दोन दिवसांत तो वाळून गेला.

जागेची पाहणी होणार, ही दवंडी बगळ्याने ऐकली. न्यायाधीश येणार, रेघ कुठे आहे म्हणून विचारणार, आणि रस्त्यावर रेघच नाही. मग चुना कुठे गेला, हा प्रश्न येणार. कमानीकडे बघितलं की उत्तर लगेच दिसत होतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी भल्या सकाळी तो भट्टीवर गेला, पौर्णिमा नसताना मडकं मागून आणलं आणि रस्त्यावर आला. आपण हे कोंडाबाईसाठीच करतो आहोत, असं तो मनात घोकत होता. पांढरी रेघ दिसली तर कायदा तिच्या बाजूने उभा राहील. तिला पाठ मिळेल, आपलीही चूक झाकली जाईल, आणि कुणाचंच काही बिघडणार नाही. हा विचार त्याला इतका पटला, की त्याने पावलं झपाझप उचलली.

जुन्या जागी पोचल्यावर मात्र ती अडखळली. दगडांवर रक्त वाळून काळं झालं होतं. त्याने कुंचली बुडवली, एक हात मारला, आणि चुन्यातून डाग तांबूस होऊन वर आला. दुसरा हात मारला, तरी आला. डागावर उभं राहून काम करणं त्याला जमेना. शेवटी त्याने तेवढे दगड पाण्याने खरवडून धुतले. ओला चुना निघून गेला, डाग राहिला. मग तो बाजूला सरकला, जिथे दगड स्वच्छ होते तिथे, आणि तिथून त्याने सरळ, रुंद, झगझगीत रेघ मारली. इतकी चांगली रेघ त्याने आयुष्यात मारली नव्हती. ती जुन्या जागेपासून आठ पावलं लांब होती. आठ पावलांनी काय होतं, असं तो स्वतःला म्हणाला. त्याची पावलं लांब होती.

न्यायाधीश घोरपड होती. कायद्याच्या शब्दाला एकदा चिकटली की ती सुटत नसे, आणि याच गुणावर तिला ते आसन मिळालं होतं. ती आली, तिने रस्ता वास घेत तपासला आणि रेघेपाशी थांबून मान हलवली.

"रेघ उत्तम राखली आहे," ती म्हणाली. "रेघकऱ्याचं काम वाखाणण्यासारखं आहे, अशी नोंद घ्या."

बगळ्याने मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

मग घोरपडीने आपल्या शेपटीने डागापासून रेघेपर्यंतचं अंतर मोजलं. शेपटीच्या हिशोबाने तीन आणि पावलांच्या हिशोबाने आठ. मुंगूसवकिलांच्या मिशा थरथरल्या. इतकं सोपं जाईल, असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

"डाग रेघेच्या बाहेर आहे, बाईसाहेब," ते म्हणाले.

कोंडाबाईला साळिंदरांनी ढकलत आणलं होतं. ती नव्या रेघेकडे बघत राहिली. "ही रेघ इथं नव्हती," ती म्हणाली.

"मग कुठे होती?" मुंगूसवकिलांनी विचारलं.

"मी पडले तिथं."

"तिथे काही पांढरं दिसतं का तुम्हाला?"

कोंडाबाईने पुष्कळ वेळ पाहिलं. घाईने पाहणं तिला माहीत नव्हतं. "आता नाही दिसत," ती म्हणाली. "पण माझा रोजचा रस्ता आहे तो. उतार तिथं आहे. या रेघेच्या टोकाला कडा आहे, दीड हाताचा. तिथून मला तळ्यात उतरता येईल का, तुम्हीच बघा."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मुंगूस, घोरपड आणि घोडा यांच्यापैकी कुणालाच तो कडा अडचणीचा वाटला नाही. बगळ्याला मात्र तो त्या क्षणी पहिल्यांदा दिसला. त्याच्या लांब पायांना तो कधी लागलाच नव्हता.

"रेघ होती, पण गैरसोयीची वाटल्याने वापरली नाही," घोरपडीने लिहून घेतलं.

"आणि रस्ता ओलांडताना तुमची मान कुठे होती?" मुंगूसवकिलांनी विचारलं. "बाहेर होती की कवचात?"

"घोडा अंगावर आला तेव्हा आत घेतली."

"म्हणजे बघितलं नाहीत."

"बघितलं म्हणून तर आत घेतली!"

हसू उसळलं. घोरपडीने शेपटी आपटून ते थांबवलं. मग तिने साळिंदरांकडे पाहिलं. काही सांगायला त्यांनी तोंडं उघडली होती. पण त्या राज्यात रेघेबाबत रेघकऱ्याचाच शब्द धरला जाई, इतर कुणाचा नाही. तो नियम फार विचार करून केलेला होता, कारण रेघकऱ्याला खोटं बोलण्याचं काय कारण असणार?

"रेघकरी," घोरपड म्हणाली, "ही रेघ तुमची का?"

"हो," बगळा म्हणाला. "माझीच."

कधी मारली, हे तिने विचारलं नाही. बगळा वाट बघत राहिला. तिने विचारलं तर सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. निदान नंतर त्याला तसं आठवत राहिलं.

कोंडाबाई त्याच्याकडे वळली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खात्री होती. "बगळेदादा, तुम्हीच सांगा ना यांना. मी रोज कुठून जाते?"

उन्हात चुना झगझगत होता. सर्जेराव, मुंगूसवकील, घोरपड, साळिंदरं, सगळे त्याच्याकडे बघत होते. पागेतला वयस्क घोडाही लांबून बघत होता. बगळ्याच्या डोळ्यांपुढे ते पांढरं पोट आलं. हिला फक्त एकदा उलटी करून बघा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण मग त्या थरांमध्ये शेवटच्या चार पंधरवड्यांचे थर नाहीत, हेही दिसलं असतं.

"मी," बगळा म्हणाला, "रोज तिथे नसतो."

कोंडाबाईने मान हळूहळू आत घेतली. दावा फेटाळला गेला. पाठ द्यायची गरज नव्हती. रेघेपासून आठ पावलांवर जे पडतं ते कायद्याच्या दृष्टीने नुसतंच पडलेलं असतं. रेघेची जागा निकालात लिहिली गेली आणि निकाल शिळेच्या मागच्या बाजूला कोरला गेला.

त्यानंतर बगळा रोज तिला चोचीतून पाणी नेऊ लागला. तळ्यापासून बिळापर्यंत निम्मं सांडे. उरलेलं ती पिई, पण त्याच्याकडे न बघता. दिवसागणिक ऊन वाढत होतं आणि तिची मान बारीक होत होती. पाय भरून येत नव्हता, कारण भरून यायला पाणी लागतं. बगळ्याने मासे खाणं जवळजवळ सोडलं. पागेच्या बाजूने जायचं त्याने टाळलं. कमान मात्र कुठूनही दिसायची.

शेवटी एक दिवस त्याला सहन होईना आणि तो घोरपडीकडे गेला. त्याने सगळं सांगितलं. कमान, चुना, डाग, आठ पावलं. काहीच मागे ठेवलं नाही.

घोरपडीने शांतपणे ऐकून घेतलं. "हे तुम्ही पाहणीच्या वेळी सांगायचं होतं," ती म्हणाली.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो," बगळा म्हणाला. "माहीत होतं. आता तरी तिला उलटी करून बघा. तिच्या पोटावर सगळं आहे. जुनी रेघ तिच्या पोटाला लागलेली आहे."

"दाद मागायला आलेल्याला उताणं पाडायचं? आमच्याकडे ती रीत नाही. फार अपमानाचं आहे ते." घोरपडीच्या आवाजात खरोखर कळकळ होती. "आणि आता निकाल कोरला गेला आहे, रेघकरी. रेघ तिथेच होती. निकालाने जी जागा ठरवली, तिच्याबाहेर चुन्याचा एक थेंब जरी सांडलात तरी तो गुन्हा ठरेल. भट्टीला तसं कळवते मी."

"मग मला शिक्षा द्या."

"कशाबद्दल? तुमच्या कामाची नोंद उत्तम अशी झालेली आहे."

बगळा तिथून थेट बिळापाशी गेला आणि कोंडाबाईलाही त्याने सगळं सांगितलं. आत अंधार होता. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, आणि त्यामुळेच त्याला बोलता आलं.

"माझं पोट पांढरं आहे?" मग ती म्हणाली.

"हो."

"खरंच? मला वाटायचं, मातीचंच असेल." ती किंचित हसल्यासारखी झाली. मग तिचा आवाज कोरडा झाला. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, रोज तिथे नसतो. पाय चेचला त्याहून ते जास्त लागलं, दादा."

"मला ठाऊक आहे."

"माफ वगैरे करणं मला जमायचं नाही. अंगात तेवढी शक्तीच नाही." ती थांबली. "उद्या मी निघणार आहे. इथं पडून मरण्यापेक्षा तिथं."

"नव्या रेघेवरून जा. घोडे थांबतील."

"आणि कड्यावरून खाली कशी पडू?"

मडकं रिकामं होतं आणि भट्टी त्याला बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तेव्हा कोंडाबाई टेकडीच्या उतारावर आली. तीन पाय आणि एक ओझं, असं तिचं चालणं होतं. रस्ता वाहत होता. धावणारे नव्या रेघेपाशी क्षणभर थांबत. तिथून कुणीच ओलांडत नसल्यामुळे ते लगेच पुन्हा वेग घेत. आठ पावलांवर जुनी जागा आली की ते ऐन भरात असत.

बगळा तिच्या आधी रस्त्यात उतरला. तो जुन्या जागेवर, डागावर, जाऊन उभा राहिला. पलीकडून घोड्यांचा जथा येत होता आणि सर्वांत पुढे सर्जेराव होता. बगळ्याने दोन्ही पंख पसरले, मान लांब केली आणि तो दगडांवर पालथा आडवा झाला. धुळीच्या त्या रस्त्यात तेवढाच एक पट्टा पांढरा दिसत होता.

सर्जेरावाचे पाय मनाआधी थांबले. लहानपणापासून तेवढं एक वाक्य प्रत्येक धावणाऱ्याला घोकायला लावलेलं असे. मागचे घोडे त्याच्यावर आदळले, ओरडले, आणि मग त्यांनाही पांढरं दिसलं.

"दादा, उठा," कोंडाबाई रस्त्याच्या कडेवरून म्हणाली. "मी जड आहे."

"चला," बगळा म्हणाला.

तिने पहिला पाय त्याच्या पंखावर ठेवला. आत काहीतरी बारीक मोडल्याचा आवाज झाला. बगळ्याने चोच घट्ट मिटून घेतली. ती पंखावरून पाठीवर आली, पाठीवरून दुसऱ्या पंखावर, तिच्या नेहमीच्या चालीने, आणि खाली उतरली. अजून रस्ता उरला होता. बगळा कसाबसा उठला, मोडका पंख ओढत तिच्या पुढे गेला आणि पुन्हा आडवा झाला. घोडे थांबूनच होते. कुणीतरी मागून विचारलं, "काय झालंय पुढे?" मागच्या कुणाला वाट मिळू नये म्हणून सर्जेराव रस्त्यात आडवा उभा राहिला.

तळ्याकडच्या उतारापाशी बगळा तिसऱ्यांदा आडवा झाला. कोंडाबाई त्याच्या पाठीच्या मध्यावर आली आणि दमून तिथेच थांबली. तिचं पोट त्याच्या पाठीला टेकलं होतं. पाण्याचा वास आला तशी तिने मान बाहेर काढली आणि ती पुढे सरकू लागली. सर्जेराव मान खाली करून बघत होता. तिच्या पोटाच्या भेगांमधून जुना वाळलेला चुना सुटत होता आणि बगळ्याच्या रक्ताळलेल्या पाठीवर भुरभुर पडत होता.